आमची गाडी वाटेत बंद पडत नाही

पाथर्डीच्या बाजूच्या गावांत आम्हाला लोक वासावरून ओळखतात. गाडी गावात शिरली की आधी एखादं पोर शिंकतं, मग कट्ट्यावरचे म्हातारे नाकाला उपरणं लावतात आणि बायका दारातून ओरडतात, "कांडप आलं गं!" पिकअपच्या मागे हुकाला अडकवलेला दोन चाकांचा ट्रेलर, ट्रेलरवर मिरची कुटायचं यंत्र आणि ते चालवायला वेगळं डिझेल इंजिन, एवढा आमचा पसारा. लोक त्या ट्रेलरला आमचं शेपूट म्हणतात. मी आणि माझा नवरा कित्येक वर्षं हे शेपूट ओढत गावोगाव फिरतोय. आज सुखाचे दोन घास खातोय ते त्या पिकअपच्या जिवावर, हे सांगायला मला काही कमीपणा वाटत नाही.

आमचे हे मुळात कमी बोलणारे. पाहुण्यांत बसले तरी सुपारी कातरल्यागत एकेक शब्द काढतात. फुशारकी मारायची ती एकाच गोष्टीची. "आमची गाडी वाटेत बंद पडत नाही." लग्नाच्या मांडवात, केस कापायला बसल्यावर, एकदा तर दहाव्याच्या कार्यक्रमातही मी हे वाक्य ऐकलंय. तिथे मी यांना कोपराने ढोसलं होतं.

पण वाक्य खरं होतं, आणि ते खरं राहावं म्हणून हा माणूस जे करायचा ते मी रोज बघायचे. त्यांचं म्हणणं असं, की पाठीवरचं ओझं गाडी मुकाट्याने सोसते, पण मागून जोडलेलं ओझं लबाड असतं. ते चढाला मागे खेचतं आणि उताराला पुढे ढकलतं. त्यामुळे चढावर अर्धा क्लच दाबून ठेवायचा नाही. उताराला ब्रेकवर पाय ठेवून बसायचं नाही, ज्या गिअरात चढलो त्याच गिअरात उतरायचं. ऑइल मुदतीची वाट न बघता बदलायचं. हुकाला ग्रीस आहे का, हूक निसटला तर ट्रेलर धरून ठेवणारी साखळी लावलीय का, हे निघताना बघायचंच. एअर फिल्टरचं दुखणं आमचं खास. सगळ्यांच्या फिल्टरमध्ये धूळ असते, आमच्यात लाल तिखट. गॅरेजवाला आम्हाला लांबून बघितलं तरी तोंडाला गमछा बांधून तयार राहतो.

सगळ्यांत मोठा नेम हाताचा. गाडी कुठेही थांबली की हे उतरणार, ट्रेलरच्या दोन्ही चाकांच्या मध्यावर उलटा हात लावणार, मग पिकअपच्या चाकांना, मग बॉनेटला. कोमट लागलं तर बरं. चटका बसला तर आतलं बेअरिंग कुरकुरतंय, तिथून पुढे जायचं नाही. नव्या लग्नात मला याचा राग यायचा. माझं अंग तापलं तरी कधी कपाळाला हात नाही, आणि चाकाची मात्र नाडी बघायची! तसं मी तोंडावर बोललेही होते. त्यावर हे म्हणाले, "तू दुखलं तर सांगतीस. गाडी कुठं सांगती?" मग मीही हात लावायला शिकले. ते एका बाजूची चाकं बघतात, मी दुसऱ्या.

आमचे हंगाम दोन. एक उन्हाळ्यात, घरोघरी वर्षाचं तिखट होतं तेव्हा. दुसरा दसऱ्यानंतर, ऊसतोडीला जाणारी माणसं गाव सोडायच्या आधी. इकडच्या कोरड्या गावांतली निम्मी घरं दिवाळीच्या आगेमागे कुलपं लावून कारखान्यांकडे निघतात, कोणी कोपरगावकडे, कोणी त्याच्याही पुढे. सहा महिने उसाच्या फडाशेजारी खोपीत राहायचं. माझं माहेर असल्याच तोडणीवाल्या गावातलं, त्यामुळे मला कोणी समजावून सांगायची गरज नाही. फडावर पहाटे भाकरी थापायच्या आणि ऊस तोडता तोडता खायच्या. भाजी करायला ना वेळ, ना जवळ बाजार. भाकरीवर तिखट आणि तेल, बस्स. ते तिखट घरचं असलं तर माणूस तग धरतो. दुकानातली पुडी नुसती लाल असते, तिला चव नाही आणि तिने पोरांची तोंडं येतात. म्हणून जायच्या आधी सहा महिन्यांचं तिखट डब्यात बसलं पाहिजे.

माझ्या माहेरच्या गावाच्या वर, टेकडीच्या माथ्याला एक वाडी आहे. तिथल्या बायका मला ताई म्हणतात आणि नात्याने यांना दाजी. दाजी म्हटलं की चेष्टा करायचा हक्क आपोआप मिळतो, आणि वाडीने तो पुरेपूर वापरलाय.

त्या वर्षी वाडीला आम्ही उद्याचा दिवस दिला होता. पण सकाळीच तिथल्या एका मावशीचा फोन आला. ही मावशी वाडीतल्या सगळ्या तोडणीवाल्या बायकांची पुढारीण. "ताई, मुकादमानं फोन केलाय. ट्रक उद्याच्याला न्हाई, आजच दुपारच्याला येतोय. मिरच्या भाजून ठिवल्यात सगळ्यांनी. तुमी आजच्याला आला न्हाई तर आमी तशाच जानार."

मुकादम म्हणजे तोडणीची टोळी नेणारा माणूस. त्याच्याकडून आगाऊ पैशांची उचल घेतलेली असते, म्हणून तो म्हणेल तेव्हा निघायचं. तव्यावरची भाकरी तव्यावर ठेवून ट्रकात चढलेल्या बायका मी लहानपणी पाहिल्यात. माझी आईही त्यांतलीच होती. मी हातातलं काम टाकलं आणि यांना म्हटलं, "चला."

वाटेत एका डंपरच्या मागे लागलो. त्याच्या चाकाखालून खडा उडाला आणि समोरच्या जाळीवर खाडकन बसला. आम्ही फारसं मनावर घेतलं नाही. वाडीचा चढ लागला, अर्धा झाला, आणि वळणावर बॉनेटमधून वाफ यायला लागली. यांनी तिथल्या तिथे गाडी बंद केली. मी उडी मारून चाकांना दगड लावले. खड्याने रेडिएटरला बारीक भोक पाडलं होतं आणि पाणी रस्त्यावर ठिबकत होतं. ती वाट एवढी अरुंद, की आमच्या शेजारून बैलगाडीही गेली नसती.

हे ठिबकणाऱ्या पाण्याकडे बघत उभे राहिले. एवढी निगा राखलेली गाडी एका खड्याने बसावी! मी मात्र टेकडीच्या माथ्याकडे बघितलं. वर सगळ्या वाडीच्या मिरच्या भाजून पडल्या होत्या.

मी फोन केला तशी मावशी निम्मा चढ उतरून आली. तिने गाडी बघितली, शेपूट बघितलं आणि विचारलं, "कांडपाचं इंजिन चालू हाय ना?"

"ते वेगळं आहे, त्याला काय धाड भरलीय!" मी म्हटलं.

"मग ठेसनात उतरल्यागत काय हुबे ऱ्हायलात? आमी येतो खाली."

तिने वर तोंड करून एक हाक मारली. थोड्या वेळात त्या उतारावरून बायका खाली यायला लागल्या, डोक्यावर पाट्या, डबे, कोणाच्या लुगड्यात बांधलेली गाठोडी. एरवी आमचं कांडप बायकांच्या दारात जायचं. त्या दिवशी अख्खी वाडी कांडपाच्या दारात आली. मी इंजिन चालू केलं आणि रस्त्याच्या मधोमध मिरची कुटायला लागले.

इकडे गाडी निवल्यावर यांनी हळद मागितली. रेडिएटरच्या बारीक भोकाला हळद टाकतात, ती फुगून भोक बुजवते. यांना असल्या तात्पुरत्या इलाजांचा भारी तिटकारा, पण दुसरं काही जवळ नव्हतं. मावशीने नुकतीच कुटलेली स्वतःची हळद पुढे केली. "घ्या दाजी, लग्नात तुमाला लावायची ऱ्हायलीच हुती." यांनी मूठभर हळद आत सोडली, एका बाईने घागरभर पाणी आणून दिलं, आणि हे खाली वाकून बघत राहिले.

तेवढ्यात मागून हॉर्न वाजला. मुकादमाचा ट्रक आला होता.

तो उतरला तो तणतणतच. "ओ कांडपवाले, घ्या की गाडी म्होरं!"

"बंद पडलीय," हे म्हणाले.

"मग घ्या मागं. उतार हाय, आपसूक जाईल."

"मागं शेपूट हाय. वळनावर मला न्हाई जमत."

मी मिरची ओतता ओतता थांबले. आमच्या गल्लीत कडुनिंब आणि शेजारणीचा धुण्याचा दगड यांच्या मधून, आरशातही न बघता ट्रेलर मागे घेणारा हा माणूस. बायकोचं नाव चुकेल, पण मागे घेताना याचा हात चुकायचा नाही.

मुकादम बायकांवर ओरडला, "चला, सामान खाली आना, हितंच भरू." मावशी शांतपणे म्हणाली, "पत्रे हायत, शेरडं हायत, बिऱ्हाड हाय. ट्रक वर आल्याबिगर कसं भरायचं?" तो पुन्हा यांच्याकडे वळला. "किती येळ लागंल?"

"तापलीय लई. निवाया पायजे."

"ही काय गाडी हाय का भंगार?"

गाडीला जुनी म्हटलं म्हणून यांनी सख्ख्या साडूशी वर्षभर बोलणं टाकलं होतं.

हे मान खाली घालून म्हणाले, "भंगारच म्हना. पार कामातून गेली."

मला काही कळेना. पाणी घेण्याच्या निमित्ताने मी पुढे गेले. खाली बघितलं, तर ठिबकणं थांबलेलं. रस्ता सुकायला लागला होता. मग सवयीने मी बॉनेटला उलटा हात लावला.

बॉनेट गार होतं.

मी यांच्याकडे बघितलं. हे माझ्याकडे बघत नव्हते. हातात फडकं घेऊन रेडिएटरच्या झाकणाभोवती गुंडाळत होते आणि मोठ्याने सांगत होते, "बाजूला व्हा, वाफ यील अंगावर!" मग माझ्याकडे न वळता हळूच म्हणाले, "तुझं किती राहिलं?"

"निम्मं," मी म्हटलं आणि पळत कांडपाकडे गेले. डोळ्यांतून पाणी येत होतं. मिरचीने, असं कोणी विचारलं असतं तर सांगितलं असतं, पण मिरचीची मला केव्हाच सवय झाली होती.

मुकादम एका दगडावर बसला आणि शिंकत राहिला. वारा त्याच्याच बाजूला होता. एका बाईच्या मिरच्या झाल्या, दुसरीच्या झाल्या. शेवटी एक नवी नवरी आली, पहिल्यांदाच तोडीला निघालेली. तिच्याकडे मिरच्या थोड्याच होत्या आणि ती संकोचून मागे सरत होती. मावशीने तिच्या पाटीत आपल्यातल्या ओंजळभर टाकल्या. तिचा डबा भरला, झाकण लागलं, आणि मी इंजिन बंद केलं.

यांनी बॉनेट खाली घेतलं, आत बसले आणि किल्ली फिरवली. गाडी पहिल्या हाकेला लागली. शेपटासकट सरळ चढ चढून वाडीत गेली, मागोमाग ट्रक. "लागली की वो!" मुकादम म्हणाला. "नशीब म्हनायचं," हे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी यांनी गॅरेजवर जाऊन रेडिएटर उतरवला, सगळी हळद धुऊन काढली, भोक नीट झाळून घेतलं. पण गोष्ट व्हायची ती झालीच. मुकादमाने ती प्रत्येक टपरीवर सांगितली. "काय कांडपवाले, आज ढकलत आनली का?" असं लोक विचारायचे. हे हसून चहा प्यायचे. खरं काय झालं ते यांनी कोणालाही सांगितलं नाही, कारण ते मुकादमाच्या कानावर गेलं असतं तर त्याने राग वाडीवर काढला असता. "आमची गाडी वाटेत बंद पडत नाही" हे वाक्य मात्र मी त्यानंतर यांच्या तोंडून ऐकलं नाही. या माणसाकडे मिरवायला तेवढंच होतं, आणि ते त्याने माझ्या माहेरच्या बायकांच्या डब्यांसाठी देऊन टाकलं. लग्नात यांनी मला काय घातलं ते आठवत नाही, पण हे मी विसरणार नाही.

वाडीवरून परतलो त्या संध्याकाळी हे अंगणात गाडी पुसत होते. मी आतून चहा घेऊन आले आणि दारातच थांबले. बॉनेटवर हात ठेवून हे गाडीला म्हणत होते, "चार लोकांत भंगार म्हनालो तुला. मनावर घेऊ नको."

तिने मनावर घेतलं नाही. अजून ओढते आहे. चाकांची बेअरिंगं बदलली, क्लच बदलला, रंग उडाला, पण चढावर आवाज तोच आहे.

पुढच्या उन्हाळ्यात वाडीची माणसं परत आली आणि आम्ही कांडप घेऊन वर गेलो. मावशी उन्हाने रापली होती, वाळली होती, पण हसली तीच. सगळ्यांचं तिखट फडावरून निघायच्या दिवसापर्यंत पुरलं, म्हणाली. त्या नव्या नवरीचंही. मग गाडीजवळ आली, बॉनेटला यांच्यासारखाच उलटा हात लावला आणि मोठ्याने म्हणाली, "दाजी, हळद देताना मीबी हात लावला हुता बरं का. गार हुतं. लई गुनाची गाडी हाय तुमची. पायजे तवाच बंद पडती."

सगळ्या बायका हसल्या. त्या सगळ्यांनाच ठाऊक होतं, सहा महिने. हे लाजून लाल झाले आणि काहीतरी करायचं म्हणून चाकाला हात लावायला खाली वाकले.