काकूचा चष्मेवाला

पत्रातली एक ओळ मी वाचलीच नाही. म्हणजे डोळ्यांनी वाचली, तोंडाने नाही. पुढे जे रामायण घडलं त्याचं मूळ एवढंच. आता एका ख्रिस्ती घरातल्या गोंधळाला रामायण म्हटल्याबद्दल काकू माझा कान पिळेल. पण कान पिळून घ्यायची मला लहानपणापासून सवय आहे, आणि ह्या खेपेला तो कमीच पिळला गेला असं माझं मत आहे.

काकू म्हणजे माझ्या धाकट्या चुलत्याची बायको. एका मोठ्या रुग्णालयाच्या धुलाईघरात ती एकतीस वर्षं चादरी वाळवते आहे. तिथे इस्त्री हातात धरायची नसते. माणसाच्या उंचीएवढे लांब दोन तापलेले रूळ एकमेकांना चिकटून फिरत असतात. एकीने ओली चादर त्यांच्यात सारायची, दुसरीने पलीकडून कडकडीत कोरडी ओढून घ्यायची. काकू सारणारी. तिच्या दोन्ही हातांवर मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याच्या आडव्या खुणा आहेत. कुणी हळहळलं तर म्हणते, "ही माझी हजेरी. साहेब लोकांची वहीत असते, माझी कातडीवर."

वाफेच्या त्या घोंघाटात काकू प्रार्थना करते. तिचं मोजमाप चादरींचं. पुरुष विभागाच्या चादरी आल्या की चर्चच्या मंडळीतले आजारी. शस्त्रक्रियेच्या हिरव्या चादरी आल्या की पाळकसाहेब, त्यांची बायको आणि त्यांचा खोकला. आणि बाळंतिणींच्या विभागाच्या चाळीस चादरी पूर्णपणे चष्मेवाल्याच्या. एकदा मुकादमबाईंनी विचारलं, "सारखे ओठ हलतात तुझे. मला शिव्या देतेस का?"

"नाही हो," काकू म्हणाली. "तुमची पाळी उशांच्या खोळींना."

हा चष्मेवाला म्हणजे दूरदेशीचा एक चांभार. स्वतःच्या घरात चारपाच जणांना जमवून प्रार्थना करायचा म्हणून तिथल्या सरकारने त्याला तुरुंगात घातलं होतं. अशा माणसांची यादी एका संस्थेकडून आमच्या चर्चला येते, आणि पाळकसाहेब घराघराला एकेक माणूस वाटून देतात. नऊ वर्षांपूर्वी काकूच्या वाट्याला हा आला. सोबत फोटो होता: हाडं वर आलेला चेहरा आणि एक काडी दोऱ्याने बांधलेला चष्मा. काकूने तो फोटो चौकटीत बसवून घरच्या माणसांच्या रांगेत, स्वतःच्या सासऱ्यांच्या शेजारी टांगला. पाहुणे विचारायचे, "हे कोण?" काका शांतपणे सांगायचे, "हिच्या माहेरचे."

काका एका कचेरीत लिफ्टमन होते. आयुष्यभर लोकांना वर नेऊन सोडलं आणि स्वतः खाली आले, हा त्यांचा आवडता विनोद. माणूस अबोल. घरच्या उपासनेत त्यांचं काम एकच, शेवटी आमेन म्हणणं. आणि तेही ते पुष्कळदा दोन वाक्यं आधीच म्हणून बसत.

ही उपासना रोज संध्याकाळी, जेवणं झाल्यावर आणि भांडी घासायच्या आधी. उष्टी ताटं एका बाजूला सारायची, मेणकापड पुसायचं, त्यावर बायबल. काकूचं म्हणणं, भांडी पडलेली असली की माणूस देवाशी मुद्द्याचं बोलतो, पाल्हाळ लावत नाही. मी एकटा जीव, दोन गल्ल्या सोडून राहतो, जेवायला त्यांच्याकडे. म्हणून उपासनेलाही.

माझं दुसरं काम पत्रं वाचण्याचं. दर तीन महिन्यांनी त्या संस्थेकडून चष्मेवाल्याची खबर परक्या भाषेत यायची आणि ती भाषा घरात मला एकट्यालाच येत असे. 'येत असे' हे आपलं म्हणायला. मी मालवाहतुकीच्या कचेरीत कारकून. माझं सगळं भाषाज्ञान 'आपले पत्र पावले, माल रवाना केला' ह्या दोन खांबांवर उभं. त्यामुळे चष्मेवाल्याची खबर माझ्या तोंडून बाहेर पडताना 'कैदी सुस्थितीत असून हिवाळ्यामुळे विलंब होत आहे' अशी काहीतरी पडायची.

"विलंब कसला रे?" काकू विचारायची. "तो काय खोकं आहे? त्याला पांघरूण दिलंय की नाही ते बघ."

"ते लिहिलेलं नाही, काकू."

"मग तुझ्या त्या साहेबांना कळव, पांघरुणाचं लिहीत जा म्हणावं."

आणि ती डोळे मिटून देवालाच पांघरुणाचं सांगायची. रंग सोडून बाकी सगळं. जाड हवं, टोचणारं नको, पाय उघडे राहणार नाहीत एवढं लांब हवं. चादरींत जन्म गेलेली बाई. तिला मापं तोंडपाठ.

ह्या मेणकापडाशी चौथी खुर्ची काकूच्या मुलाची. एकुलता एक. चार वर्षांचा असताना स्टुलावर उभा राहून तो सगळ्या घराला उपदेश करायचा, म्हणून त्याचं नाव पडलं छोटे पाळक. चष्मेवाला घरात आला तेव्हा छोटे पाळक एकवीस वर्षांचे होते. पहिली तीन वर्षं आईबरोबर त्यानेही त्या माणसासाठी प्रार्थना केली. मग त्याला एका मोठ्या कचेरीत नोकरी लागायची वेळ आली. तिथल्या अर्जात धर्माचा रकाना होता. त्यात ख्रिस्ती असं खरं लिहिणाऱ्यांचे अर्ज तळाशी जातात, हे त्याला आतल्या माणसाने सांगितलं होतं. त्याने त्या रकान्यात रेघ मारली. नुसती आडवी रेघ. आणि पोरगा प्रामाणिक, संध्याकाळी घरी येऊन, ताटं सारल्यावर, आपणहून सांगितलं.

"आई, रेघच मारलीय. मनातलं कुठे गेलंय?"

"मन देवाला दिसतं," काकू म्हणाली. "कागद लोकांना दिसतो. तुला लोकांचीच लाज वाटली."

"सगळे करतात, आई."

"मग सगळ्यांच्या घरी जेव. इथे बसायचं तर ती रेघ खोडून ये."

त्याने रेघ खोडली नाही. नोकरी लागली, लग्न झालं, मुलगी झाली. काकूने सहा वर्षांत त्याला उंबरा ओलांडू दिला नाही. नात दोन वर्षांची झाली तरी तिचं तोंड पाहिलं नाही. रोजच्या प्रार्थनेतून त्याचं नावही काढून टाकलं. काका मात्र दर शनिवारी 'पाय मोकळे करायला' म्हणून जात. त्यांचे पाय मोकळे व्हायला तीन तास लागायचे आणि येताना शर्टाच्या खांद्यावर लहान मुलाच्या लाळेचा डाग असायचा. काकू तो शर्ट काही न बोलता भिजत घालायची. धुलाईतल्या बाईला डाग कशाचा हे कुणी सांगावं लागत नाही.

आता ते पत्र. परवाच्या बुधवारी आलं. काकू रजेवर होती. रुळात हात सापडून तळव्याला फोड आले होते, पांढरं बँडेज बांधून खिडकीपाशी बसली होती. मी पाकीट फोडलं. चार ओळींचा मजकूर. आपला बंधू मागच्या महिन्यात सुटला. विश्वास सोडत असल्याच्या कागदावर त्याने सही केली. तो आता बहिणीकडे राहतो. त्याच्यासाठी प्रार्थना करत राहा.

मी पहिली ओळ मोठ्याने वाचली. काकूने बँडेजचा हात तोंडावर ठेवला. तिचे डोळे असे भरून आलेले मी कधी पाहिले नव्हते, सासरे गेले तेव्हाही नाही. मी दुसऱ्या ओळीवर आलो आणि मला वाटलं, जाऊ दे. नऊ वर्षांनी बाईला एक आनंदाचा दिवस मिळतोय, त्याला मी कशाला चूड लावू? मी तिसरी ओळ वाचली. मग चौथी.

"आता कशाला प्रार्थना करत राहायची?" काकूने डोळे पुसत विचारलं.

"पद्धत असते तशी लिहायची," मी म्हणालो.

इथवर थांबलो असतो तरी निभावलं असतं. पण माणसाला एकदा दया करण्याची चटक लागली की तो थांबत नाही. काकूने रविवारी चर्चमध्ये उपकारस्तुतीची साक्ष द्यायचं ठरवलं, तसा मी छोट्या पाळकांच्या कचेरीत जाऊन थडकलो. काचेची भिंत, त्याच्या मागे तो.

"आई खुशीत आहे," मी सांगितलं. "तुमचा चष्मेवाला सुटला. रविवारी ये. पोरीला घेऊन ये. लोखंड तापलंय."

"आईचं लोखंड तापलं की मीच भाजतो, दादा."

"ह्या वेळी नाही. माझ्यावर सोड."

तो टाचण्यांच्या डबीशी खेळत राहिला. मग म्हणाला, "खरंच सुटला? मला तर तो चेहरा अजून..."

रविवारी तो आला. शेवटच्या बाकावर, मुलीला मांडीवर घेऊन बसला. काका दोनदा मागे वळले. तिसऱ्यांदा वळले तेव्हा मी त्यांना ढोसलं. काकू बँडेजचा हात पोटाशी धरून पुढे उभी राहिली. पांघरुणाचं सांगितलं, बाळंतिणींच्या चादरींचं सांगितलं, लोक हसले. मग तिची नजर शेवटच्या बाकावर गेली. गेली आणि तिथेच राहिली. मी मनात म्हटलं, आली वेळ.

"नऊ वर्षं त्या माणसाला अंधारात ठेवला," काकू म्हणाली. "त्याने प्रभूचं नाव सोडलं नाही, म्हणून आज मान वर करून बाहेर आला. आणि आपल्यातलीच माणसं खुर्चीसाठी ते नाव विकतात. अशांनी निदान इथे येऊन बसायची लाज बाळगावी."

कुणी मागे वळून पाहिलं नाही. सगळ्यांना ठाऊक होतं. मुलीच्या पायातला एक बूट निघून बाकाखाली पडला होता. त्याने वाकून तो काढला, तिच्या पायात घातला, पट्टा लावला, बोट घालून घट्ट तर होत नाही ना ते पाहिलं, आणि तिला कडेवर घेऊन निघून गेला. पाळकसाहेबांनी गीत सांगितलं.

दुपारी काका भिंतीकडे तोंड करून पडले. मी पत्र मेणकापडावर ठेवलं.

"काकू, मी एक ओळ गाळली होती."

"कुठली?"

मी वाचली. तिने पुन्हा वाचायला सांगितली. पुन्हा वाचली. तिसऱ्यांदा तिने सहीच्या शब्दावर स्वतःच बोट ठेवलं, जणू तिला ती भाषा वाचता येते.

"सही केली," ती म्हणाली.

"हो."

"आणि मी चर्चमध्ये उभं राहून..."

"चूक माझी आहे. मी उद्या पाळकसाहेबांना सांगतो."

"तू काही सांगू नकोस. तू सांगायला लागलास की अर्धंच सांगतोस. मी सांगीन, माझ्या तोंडाने."

मला वाटलं ती आता उठून भिंतीवरचा फोटो उतरवील. ती उठली, पण चहा टाकायला. संध्याकाळपर्यंत आमच्यात एवढंच बोलणं झालं की साखर संपली आहे.

जेवणं झाली. काका दोन घासांवर उठले होते. त्यांना हाक मारून बसवलं. ताटं सारली. बँडेजमुळे मेणकापड मी पुसलं. काकूने डोळे मिटले आणि त्या माणसासाठी अशी प्रार्थना केली की तशी मी पाळकसाहेबांच्या तोंडून कधी ऐकलेली नाही. म्हणाली, देवबापा, प्रभूच्या शिष्याने, पेत्राने तर शेकोटीशी बसून प्रभूलाच नाकारलं होतं, त्याला कुणी बोटही लावलं नव्हतं, तरी तू त्याला परत बोलावलंस. ह्याची तर बोटं मोडली असतील. ज्या हाताने सही केली त्या हातावर राग धरू नकोस. तो बहिणीच्या घरात खाली मान घालून बसला असेल, त्याच्यापाशी जाऊन बस. त्याला जेवायला बोलाव.

आज घाईने आमेन म्हणायचं काकांना सुचलं नाही. आम्ही दोघेही एकाच नावाची वाट पाहत होतो. पेत्रापर्यंत बाई आली होती. पेत्रापासून पोराचं घर असं किती लांब?

काकू आमेन म्हणाली. डोळे उघडले आणि डाव्या हाताने ताटं गोळा करायला लागली.

मला राहवलं नाही. मी म्हणालो, "काकू, त्याला माफ करतेस, मग ह्यालाही एकदा जेवायला बोलाव ना. त्याने सही केली, ह्याने रेघ मारली. दोघांनीही कागदावरच तर नाकारलं."

तिने ताटातलं उष्टं एका कडेला लोटलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्याला मार देत होते, ह्याला पगार."