आतल्या खोलीतला आवाज

"पोरगी लई गुणाची हाय मॅडम. फक्त ते आतल्या खोलीतलं तेवढं काढून टाका."

हे म्हणणारी बाई रेणापूरजवळच्या एका खेड्यातून आली होती. कपाळावर विभूती, मांडीवर पिशवी, आवाजात घाई. शेजारी तिची धाकटी मुलगी बसली होती. तिला मी वर्षा म्हणते, नाव बदललेलं आहे. वय तेवीसच्या आसपास. ओढणी नीट, गुडघे जुळवलेले, तोंडावर हात ठेवून हसणं. माझ्याकडे बघून म्हणाली, "च्या घेता का मॅडम? दमल्या असताल." माझ्याच ओपीडीत, माझ्याच टेबलासमोर बसून! इतकी लाघवी पेशंट रोज येत नाही. मला हसू आलं.

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. म्हणजे गोळ्या लिहिण्याचा अधिकार नसलेली, बोलून आणि चाचण्या घेऊन काम करणारी. गोळ्या आमचे सर लिहितात, ते सायकिअ‍ॅट्रिस्ट. लातुरात आमची ओपीडी कोचिंग क्लासेसच्या भागात आहे, त्यामुळे परीक्षेनं खचलेली पोरं जास्त. असली केस क्वचित.

"आतल्या खोलीतलं म्हणजे काय, मावशी?"

बाईंनी मुलीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "एकटी आसली की हिच्या तोंडून कुणीतरी बोलतंय. जाड आवाज, बाप्यावाणी. रडू न्हाई, हसू न्हाई. आपल्यावाणी बोलत न्हाई, पुस्तकातल्यावाणी बोलतंय. पाय फाकून बसतंय, डोळे भिंतीला. म्या एकदा दाराला कान लावला अन् मह्या अंगाचं पाणी पाणी झालं."

लिंबू उतरवून झालं होतं, अंगारा झाला होता. गुण नव्हता. आणि आता घाई होती, कारण वर्षाचं लग्न ठरत होतं. थोरली मुलगी ज्योती हिमायतनगरला दिली होती. ती आदल्या वर्षी काविळीनं गेली, मागं तान्ही लेक ठेवून. तिच्या जागी वर्षाला द्यायचं, असं दोन्ही घरांनी ठरवलं. आपल्याकडे अशी जागा घरातल्या घरात भरतात. लेकराला आई मिळते, सोयरीक टिकते. जिला पाठवायचं तिला विचारायची पद्धत नाही.

"तिकडचे खूश आहेत?"

"हाव, लईच. वर्षी सेम ज्योतीवाणी हाय ना. चालणं तेच, हसणं तेच. सासू तर म्हनली, आमची ज्योतीच माघारी आली."

बाईंना याचा अभिमान वाटत होता. तेवढ्यात वर्षा घशातल्या घशात हलकंसं खाकरली.

"ही खाकर बी ज्योतीचीच," बाई म्हणाल्या.

खोलीत पंखा चालू होता तरी मला कोंदट वाटायला लागलं.

सरांना केस सांगितली. ते म्हणाले, "लग्नाचं टेन्शन. डिसोसिएशन लिहा, गोळी सुरू करू." डिसोसिएशन म्हणजे ताण असह्य झाला की माणूस स्वतःपासून तुटतो, कधी दुसऱ्याच्या नावानं बोलतो. अंगात येतं त्यातल्या बऱ्याच केसेस तिथंच बसतात.

"सर, मला दोन-तीन सिटिंग द्या."

"तुम्हाला साधी केस कधी दिसतच नाही मॅडम."

"दिसली की कळवते."

दोन सिटिंग गोड गप्पांत गेली. हाती काही लागलं नाही. तिसऱ्या वेळी जे झालं ते अजून आठवलं तरी नकोसं होतं. मला एक सवय आहे. चष्मा घसरला की मी तो अंगठ्यानं वर ढकलते आणि "बरंऽ, मग?" असं लांबवून म्हणते. माझे विद्यार्थी पाठीमागं नक्कल करतात, मला ठाऊक आहे. त्या दिवशी वर्षा आत आली, बसली. तिला चष्मा नाही. तरी अंगठा नाकापाशी गेला.

"बरंऽ, मग?" ती म्हणाली.

आवाज माझा होता. शेवटचा हेलही माझा. चेष्टा म्हणावी तर चेहऱ्यावर चेष्टेचा मागमूस नव्हता. नीट जमलं का, हे ती माझ्या तोंडाकडे बघून पारखत होती. भर दुपार, बाहेर ऑटोवाले भांडत होते, आणि मला माझ्याच केबिनमध्ये बसवेना. मी घाबरले. पाणी प्यायच्या निमित्तानं बाहेर जाऊन उभी राहिले.

भीती ओसरल्यावर डोकं चालायला लागलं. ही पोरगी समोरच्याची लकब जशीच्या तशी उचलते. मी मावशींना आत घेऊन वर्षाचं लहानपण विचारलं. आधी कुणी विचारलंच नव्हतं, सगळे आतल्या खोलीतच अडकले होते. हाक मारली तर बघायची नाही. चिंचोके लहान-मोठे लावत दुपार काढायची. मिक्सर लावला की कान दाबून पळायची. जरीचं कापड अंगाला लागलं की ओरडायची. पोरींत खेळली नाही.

"मग नीट कशी झाली?"

"ज्योतीनं केली. न्हाण आलं तवा मी म्हनलं, आता बाईची जात हाय, असं चालायचं न्हाई. तवा ज्योती हिला कपाटाच्या आरशाम्होरं उभी करायची. मी करते तसं कर म्हनायची. हसायचं कसं, बसायचं कसं, पाहुण्याला काय इचारायचं. लई कष्ट घेतले मह्या लेकीनं."

पुढच्या सिटिंगला मी वर्षाची खुर्ची भिंतीकडे वळवली. माझीही. दोघींच्या पाठी एकमेकींकडे. गुणगुणणारी ट्यूबलाइट बंद केली. म्हटलं, आज कुणाकडे बघायचं नाही.

मग पाठीमागून प्रश्न आला, "मग कुणासारखं बोलू?"

"कुणासारखंच नको."

आणि मग तो आवाज आला. जाड, सपाट, एकाच पट्टीतला. मावशींनी सांगितलेला. खरंच पुस्तकातल्यासारखा. मान वळवून कोण बसलंय ते बघावं असं मला फार वाटलं. वळवली नाही.

"पूर्वी मी ताईला बघून बोलत असे. ताई वारली. आता आठवून बोलते. थांबले की सगळे विचारतात, काय झालं. दिवसभर केलं की डोकं दुखतं."

"आणि आतल्या खोलीत कोण असतं?"

"तिथे मी असते."

याला ऑटिझम म्हणतात. हा रोग नव्हे, मेंदूची जन्मापासूनची वेगळी घडण. दुसऱ्यांना जे आपोआप कळतं, नजर, हसू, बोलताना आपली वेळ कधी, ते अशा माणसाला शिकावं लागतं. एकाच पट्टीतला आवाज आणि पुस्तकी बोलणं, हेही पुष्कळदा त्यातलंच. पुष्कळ मुली ते दुसरीचं बघून पाठ करतात. त्याला मास्किंग म्हणतात. वर्षाला भाऊ असता आणि तो भिंतीकडे बघून जाड आवाजात बोलला असता, तर घरानं घुम्या आहे म्हणून सोडून दिलं असतं. मुलीला ती सवलत नाही.

सर म्हणाले, "ऑटिझम? ही? अहो, माझ्याशी छान बोलली ती."

"परत बोलवा."

त्यांनी बोलावलं. तीच वाक्यं, त्याच जागी तेच हसू, तीच खाकर. सरांनी पेन खाली ठेवलं. नंतर असेसमेंट रीतसर केलं, त्यातही तेच निघालं. गोळी सुरू झाली नाही.

पण लग्न उभंच होतं. मी वर्षाला विचारलं, घरच्यांना मी सांगू का? ती म्हणाली, "मी सांगेन. भिंतीकडे बघून."

मावशी आल्या, हिमायतनगरहून दाजीही आले, म्हणजे ज्योतीचा नवरा. वर्षानं स्वतः खुर्ची वळवली.

"मला हे लग्न करायचं नाही. दाजी चांगले आहेत. बाळ मला आवडतं. पण तिथे मला दिवसभर ताई व्हावं लागेल. तिथे आतली खोली नाही."

मावशी ताडकन उठल्या. "हेच त्ये! मॅडम, हेच बोलतंय! धरा हिला!"

"मावशी, ही वर्षा आहे. हा तिचाच आवाज आहे."

"मग ती गुणाची? च्या इचारती ती?"

"ती ज्योती. हिनं पाठ केलेली."

मावशी हळूहळू खाली बसल्या. पोरीच्या पाठीकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "मग इतके साल मह्या घरात कोण व्हती?"

दाजी रडायला लागले, सासूला म्हणाले, "मामी, ही हसली की मला भ्या वाटायचं. मी कुनाला सांगू? गेलेल्या माणसाला घरात नांदवायचं न्हाई मला."

लग्न मोडलं. दोन्ही घरांत काही महिने बोलणं बंद होतं, आता लेकरापायी येणं-जाणं सुरू झालंय. परवा मावशींचा फोन आला. त्या आता आतल्या खोलीत जाऊन वर्षाकडे पाठ करून शेंगा फोडत बसतात. "बोलायलीय बगा," त्या म्हणाल्या. "अजून भ्या वाटतंय त्या आवाजाचं. पण मव्हंच लेकरू हाय."

चष्मा मी आता बोटानं वर ढकलते. आणि कुणी म्हणालं, पोरगी चांगली आहे, फक्त तेवढं काढून टाका, तर केस लिहायच्या आधी एक विचारून घेते: ही चांगली तुम्हाला मिळाली कुठून?