बापापासून बनलेली आई

आमचे हे भोरच्या शाळेत संस्कृत शिकवायचे. त्यांना एस्पेरांतो भाषेचं खूळ लागलं, तेव्हा मला पहिला संशय आला तो धर्मांतराचा. कुठल्याच देशाची नसलेली, कुणीतरी बसून रचलेली भाषा धडधाकट माणूस कशाला शिकेल? हे तर न्हाणीघरातसुद्धा पुटपुटायचे. त्यात जर्मनांशी लढाईचे दिवस. शेजारणी विचारत, "कुणाला निरोप धाडतात हो?" मला काय कपाळ ठाऊक. मी खिडक्या लावून घ्यायची.

शेवटी ही कुजबुज संस्थानच्या पोलिसांपर्यंत गेली. मुख्याध्यापकांनी बजावलं, "संस्थानच्या जमादाराचं समाधान करा, नाहीतर उद्यापासून शाळेत येऊ नका." पदरात तीन लेकरं आणि चूल त्या नोकरीवर. मला अन्न गोड लागेना.

जमादार विंझरकडचे. ओसरीवर बसून म्हणाले, "मास्तर, त्यातला एक शबुद सांगा, आन् त्यो कुठनं आला ते बी सांगा."

हे खुललेच. "पात्रीनो म्हणजे आई. पात्रो म्हणजे बाप. लॅटिनमधला पातेर आणि आपला पितृ, एकाच घराण्यातले. बाईमाणसासाठी पुढं 'इनो' लावायचं. ते जर्मनांकडून घेतलंय."

जर्मन म्हटल्याबरोबर जमादार ताठ झाले. "आन् आई बापापास्नं कशी हुईल? ह्यात कायतरी काळंबेरं हाय."

गेली नोकरी, म्हटलं. परक्या पुरुषासमोर बोलायची आमच्यात रीत नव्हती, पण यांच्या भरवशावर राहिले असते तर लेकरं उपाशी मेली असती. मी दाराआडून बाहेर आले.

"जमादार, तुमच्या मंडळींना गावात काय म्हणतात?"

"जमादारीण."

"पाटलाची ती पाटलीण, कुंभाराची कुंभारीण. लग्न होऊन आले तशी मी मास्तरीण. माझं नाव ठाऊक आहे तुम्हाला?"

त्यांनी जरा आठवून पाहिलं. "न्हाई बा."

"मग त्या लोकांनी बापापासून आई केली, तर त्यात काळंबेरं कसलं?"

जमादार हसले. "म्हंजी आपल्यावानीच की. कळवतो वर तसं." चहा घेऊन उठले आणि जाताना यांना म्हणाले, "मास्तरीणबाई लई हुशार हाईत तुमच्या."

नोकरी वाचली. पण नाव त्यांनी तरीही विचारलं नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ओसरीच्या कडेला उभं राहून मी माझं नाव मोठ्यांदा सांगितलं.

जमादार केव्हाच वळणापलीकडे गेले होते. हे घाईनं उठून म्हणाले, "हळू बोल. लोकांना संशय येईल."