दानात गेलेला गेमचा डबा

वेदांत आला तेव्हा सुलक्षणा गोठ्यातलं आवरून नुकतीच घरात आली होती. वेदांत म्हणजे त्यांच्या वरच्या खोलीत भाड्याने राहिलेला लातूरचा मुलगा, हिंजवडीला कंपनीत कामाला. नेऱ्यात राहायला आला तेव्हा त्याला कुणी ओळखत नव्हतं. महिन्याभरात तो आणि सुलक्षणाचा इंद्रजित एका ताटात जेवायला लागले होते. मग कंपनीने त्याला बंगळूरला धाडलं. इंद्रजित गेला तेव्हा तो तिकडेच होता. आता परत येऊन बावधनला राहत होता आणि सवड काढून भेटायला आला होता.

येऊन तो खुर्चीच्या कडेवर बसला. सुलक्षणाने चहा ठेवला. मारुंजीच्या वळणावर डंपरने तिच्या मुलाला उडवलं त्याला सातआठ महिने होऊन गेले होते, आणि या महिन्यांत ती घरातलं सगळं करत होती. धारा काढत होती, भाडेकरूंना दूध घालत होती, देवापुढे दिवा लावत होती. फक्त कशाचंच काही लागत नव्हतं तिला. भाजीत मीठ पडलंय की नाही हे जिभेला कळत नव्हतं. एकदा चुलीवरचं तापलेलं पातेलं तिने फडकं न घेता उतरवलं आणि तसंच ओट्यापर्यंत नेलं. हाताला फोड आले ते दुसऱ्या दिवशी लेकीला, स्नेहलला दिसले.

वेदांतने चहा घेतला. पिताना त्याची नजर टीव्हीखालच्या रिकाम्या फळीकडे गेली, तिथेच थोडी थांबली आणि परत कपात आली. मग त्याने इंद्रजितच्या फोटोला नमस्कार केला, सुलक्षणाच्या पाया पडला आणि गेला.

त्याची गाडी लांब गेल्यावर स्नेहल म्हणाली, "आई, तो डबा वेदांतदादाचा होता."

"कुठला डबा?"

"गेमचा. दादाचा नव्हता तो. बंगळूरला जाताना वेदांतदादा त्याच्यापाशी ठेवून गेला होता."

सुलक्षणाला कळायला वेळ लागला. तेराव्याला गुरुजींनी सांगितलं होतं, गादी, उशी, छत्री, चपला, तांब्या असं सगळं द्यायचं, आणि गेलेल्याच्या आवडीचं काही असलं तर तेही. आवडीचं म्हटल्यावर तिच्या डोळ्यांपुढे एकच वस्तू आली होती. कामावरून आला की इंद्रजित टीव्हीपुढे मांडी घालून बसायचा, हातात तो दोन दांड्यांचा रिमोट, आणि जेवायला चार हाका माराव्या लागायच्या. तिने स्वतः उठून वायरी काढल्या, डबा पदराने पुसला आणि गादीवर नेऊन ठेवला. गुरुजी जरा थबकले. ह्याचं मी काय करू, असं त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. पण घेतला त्यांनी. त्या दिवशी आईच्या हातातून कोण काय काढून घेणार?

"तू बघत होतीस ना? मग बोलली का न्हाईस?"

स्नेहल खाली बघत म्हणाली, "तुला कसं अडवणार होते मी?"

रात्रभर सुलक्षणाच्या डोक्यात डबा नव्हता, कावळा होता. दहाव्याला नदीवर सगळा गाव जमला होता. माईकवर श्रद्धांजलीची भाषणं झाली, पिंड ठेवले, आणि कावळे समोरच्या बाभळीवर बसून राहिले. चुलत्याने पुढे होऊन सांगितलं, गाडीचे हप्ते आमी भरू. कावळा येईना. नरहरी, म्हणजे सुलक्षणाचा नवरा, म्हणाला, स्नेहलचं लगीन थाटात करीन, तुज्या मनात होतं तसं. कावळा येईना. कुणी नोकरीचं बोललं, कुणी देवाला जायच्या नवसाचं. शेवटी ऊन चढलं, लोक घड्याळं बघायला लागले, आणि गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. विधी पार पडला म्हणाले. शास्त्राला चालतं म्हणाले. ते ऐकून सुलक्षणा घरी आली होती, आणि पोराचं नेमकं काय राहिलं हे तेव्हापासून तिला उमजत नव्हतं.

आता उमजलं. इंद्रजित लहानपणापासून तसाच होता. शेजाऱ्याचं फावडं आणलं तर दिवस मावळायच्या आत परत देऊन यायचा. कुणाचं काही घरात राहिलं की त्याला घास गोड लागायचा नाही. आणि आईने त्याच्या मित्राची वस्तू त्याच्याच नावाने दान करून टाकली होती.

दान दिलेलं परत मागता येत नाही. तेव्हा तसाच दुसरा आणून वेदांतला द्यायचा, हे तिने सकाळी शेणाचा हात असतानाच ठरवलं आणि नरहरीला सांगितलं. तो म्हणाला, "आता कशाला?" ती शेण गोळा करत राहिली. तो विहिरीवरची मोटार बंद करायला निघून गेला. नाही म्हणाला नाही, एवढं तिला पुरलं.

त्या मॉडेलचा नवा डबा आता दुकानात मिळत नव्हता. नव्यातलं नवं काहीतरी घेऊन देऊ, असं स्नेहलने सुचवून पाहिलं, पण सुलक्षणाचं म्हणणं एकच होतं, जे घेतलं तेच द्यायचं. मग वापरलेलाच बघणं आलं. स्नेहलने मोबाईलवर जाहिराती काढल्या. एकजण म्हणाला, आधी पैसे टाका, मग पत्ता देतो. त्याला तिथेच सोडलं. वाकडला एका दुकानात गेल्या तर डब्याच्या स्क्रूवरचं सील फाटलेलं होतं, आणि चालू करून दाखवा म्हटल्यावर दुकानदार म्हणाला, घेऊन जा हो, बिघडला तर बघू. सुलक्षणा स्टुलावरून उठलीच.

तिसरी जाहिरात बावधनची होती. जुईली नावाची नागपूरची मुलगी. तिच्या नवऱ्याची बदली झाली होती, घर आवरायला काढलं होतं, अर्धं सामान खोक्यांत गेलं होतं. डबा मात्र अजून टीव्हीला लावलेला होता, ते बघूनच सुलक्षणाला बरं वाटलं. का विकताय, असं तिने पहिलं विचारलं. जुईली म्हणाली, खेळायला वेळच उरत नाही काकू, आणि नवरा ऑफिसातून आला की फोन घेऊन झोपतो.

स्नेहलला काय काय तपासायचं ते पाठ होतं. तबकडी आत घातली, बाहेर काढली, परत घातली. वायरी हलवून पाहिल्या. पंख्याचा आवाज ऐकला. मग सुलक्षणा खुर्ची पुढे ओढून बसली आणि म्हणाली, आता चालू राहू दे. दुकानात चहा पिईपर्यंत सगळंच चांगलं चालतं. तापल्यावर काय करतो ते बघू. जुईलीने हसून फुटबॉलचा गेम लावला आणि स्नेहल खेळत बसली.

बऱ्याच वेळाने सुलक्षणाने डब्यावर तळहात ठेवला, जसा म्हशीच्या कासेवर ठेवायची तसा. हात तसाच राहिला. मग ती लेकीला म्हणाली, "तू ठेव गं हात. मला कळंना गरम हाय का गार."

स्नेहलने आईकडे पाहिलं. हात ठेवला. "कोमट आहे. ठीक आहे."

पसंत पडला, असं वाटून जुईली पिशवी शोधायला उठली, तर सुलक्षणा म्हणाली, उद्या सकाळी परत येते. स्नेहलला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण आईने शांतपणे सांगितलं, "आमी म्हस घेतो तवा संध्याकाळची धार बघतो आन् सकाळची बी बघतो. एका धारेवर घेत न्हाई. राग मानू नका."

"अवो काकू, राग कायचा?" जुईली म्हणाली. "या ना उद्या. फक्त याला खायला आंबोण आणू नका."

स्नेहल पदर नव्हता म्हणून ओढणीत हसली. सुलक्षणाला ती थट्टा कळली, पण हसायला तोंड वळलं नाही. या दिवसांत वळतच नव्हतं.

सकाळी धारा तशाच टाकून दोघी परत गेल्या. डबा रात्रभर बंद होता. जुईलीने बटण दाबलं, चालू झाला, काल लावलेला गेम नको म्हणून तिने दुसरा लावला, त्यात एक माणूस मोठ्या माळावर उभा होता. तिने रिमोट टेबलावर ठेवला आणि पाणी आणायला वळली. तेवढ्यात तो माणूस चालायला लागला. रिमोटला कुणाचाही हात नव्हता.

"अगं बाई," जुईली म्हणाली. "काकू, हा आपोआप डावीकडे जाऊन राहिला. दांडी खराब झालीय वाटतं. खरंच सांगते, मला माहीत नव्हतं, काल तर नव्हता जात. थांबा, बंद करते."

"राहू दे वाईच," सुलक्षणा म्हणाली.

माणूस माळावरून चालत राहिला. मागून दिसत होता, पाठीवर पिशवी, मान जराशी वाकलेली. वाटेत एक झाड आलं, त्याला घासून पुढे गेला. मग दगडी भिंत आली. भिंतीला जाऊन टेकला, तरी पाय चालूच. पुढे सरकत नव्हता, थांबतही नव्हता. कोणी थांबवावं असं काही नव्हतं आणि कोणी चालवलंही नव्हतं. सुलक्षणा बघत राहिली. जुईली पाणी आणायचं विसरून तशीच उभी राहिली. स्नेहल आईच्या खुर्चीपाशी खाली बसली आणि तिने आईच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"बास," सुलक्षणा शेवटी म्हणाली, आणि स्नेहलने बंद केला.

जुईलीने एका खोक्याची चिकटपट्टी फाडून दुसरा रिमोट काढला. तो ती स्वतःसाठी ठेवणार होती, कमी वापरलेला होता. तो लावून पाहिला, माणूस जागच्या जागी उभा राहिला. तिने तोच देऊन टाकला. सुलक्षणाने तिने सांगितलेला भाव दिला, घासाघीस केली नाही. परतफेडीच्या वस्तूवर ओढाताण करायची नाही, असं तिच्या मनाने घेतलं होतं.

वेदांतचं घर तिथून जवळच होतं. स्नेहलच्या स्कूटरवर मागे बसून सुलक्षणाने पिशवी मांडीवर धरली. डबा अजून निवला नव्हता. साडीतून मांडीला ऊब लागत होती. हे तिच्या ध्यानात आलं ते चौक ओलांडल्यावर, आणि तिने पिशवी जरा जवळ घेतली.

वेदांतने दार उघडलं, पिशवीत काय आहे ते पाहिलं, आणि त्याचा चेहरा उतरला. मी मागायला आलो नव्हतो, मी त्या फळीकडे सहज बघितलं, इंद्रजितला मी तो देऊनच टाकला असता, असं तो भराभर बोलत सुटला. परत न्या म्हणाला. स्नेहल खेळेल म्हणाला. मी तर आता खेळतही नाही.

सुलक्षणाने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "खेळू नकोस. माळ्यावर टाक. पर तुझ्या हातानं घे."

"काकू, पण कशासाठी?"

"तेच्या दहाव्याला कावळा शिवला न्हाई, बाळा. दर्भाचा करून शिववला. तू हितं नव्हतास."

वेदांत कंपनीत काम करणारा, शिकलेला मुलगा. त्यावर तो काहीतरी बोलेल असं स्नेहलला वाटलं होतं. पण त्याने दोन्ही हात पुढे केले आणि डबा घेतला.

लावून बघ म्हटल्यावर त्याने लावला. पुढचा दिवा लागला. चांगला आहे का, तिने विचारलं. चांगला आहे म्हणाला. आम्ही दोन्ही वेळेला बघून घेतलाय, असं तिने सांगितलं. चहाला ती थांबली नाही, धारेची वेळ टळून गेली होती.

घरी आली तर बादली फडक्याखाली झाकलेली. नरहरीने धारा काढून ठेवल्या होत्या. डब्याचं काय झालं हे त्याने विचारलं नाही. तिने टीव्हीखालची फळी पुसायला घेतली. तेराव्यापासून तिथे तिचा हात फिरला नव्हता. धुळीत डब्याच्या आकाराचा चौकोन राहिला होता, आता त्याच्यावरही पातळ धूळ बसली होती.

दोन दिवसांनी अमावस्या होती. दर अमावस्येला सुलक्षणा पानावर भात, दही आणि इंद्रजितच्या आवडीची वांग्याची भाजी वाढून कंपाउंडच्या भिंतीवर ठेवायची आणि दाराच्या फटीतून बघत उभी राहायची, पान उन्हात वाळेपर्यंत. त्या दिवशीही ठेवलं, हात जोडले आणि दाराआड आली. तेवढ्यात धाकटी म्हैस ओरडली. ती थोडा वेळ ऐकत राहिली, मग पदर खोचून गोठ्याकडे गेली.

परत आली तेव्हा पान भिंतीखाली पडलेलं होतं, चाटून पुसून रिकामं. कावळा येऊन गेला की शेजारचं मांजर, कुणी पाहिलं नव्हतं. स्नेहल ओट्यावर भांडी घासत होती, तिला ठाऊक असेल. सुलक्षणाने तिला विचारलं नाही. पान उचललं, उकिरड्यावर टाकलं, आणि रांजणातलं पाणी घेऊन हात धुतले. पाणी गार होतं.