मॉरिशसच्या बाईंना दिलेलं गाव

"रुमाल आणा, काका. मी थांबते," असं म्हणून बाई रीडिंग रूममध्ये बसल्या. मी आत रॅकसमोर घामाघूम उभा. त्यांनी मागितलेला रुमाल आदल्याच महिन्यात लॉरीतून कागद कारखान्यात लगद्याला गेला होता.

रुमाल म्हणजे कापडात बांधलेला जुन्या कागदांचा गठ्ठा. नव्वदच्या दशकात मी बेंगळुरूच्या एका अभिलेखागारात मोडी वाचायला होतो. जागा कमी पडली की वीडिंग व्हायचं, म्हणजे निरुपयोगी कागद काढून टाकायचे. मोडी एकट्या मला यायची, म्हणून यादीवर सहीही माझी एकट्याची. गाठ सोडून आत बघायचा मला कंटाळा. वरची चिठ्ठी वाचून निकाल लावायचो. या चिठ्ठीवर 'बैलांचा चारा' होतं. आत मजुरीसाठी बोटीनं मॉरिशसला गेलेल्यांची गावंही आहेत, हे जुन्या इंग्रजी सूचीत लिहिलं होतं. बाईंनी ती सूची उघडली. मी कधीच उघडली नव्हती.

साहेबांकडे गेलो.

"लिस्टवर सही कुणाची?"

"माझी, सर."

"सरी, ठीक आहे. मग काय सांगायचं ते तुम्हीच सांगा, राव. परदेशी बाई आहे. कंप्लेंट वर गेली तर इन्क्वायरी लागेल. तुमची पेन्शन जवळ आलीय ना?"

बाहेर आलो तर बाई उठून उभ्याच राहिल्या.

"मिळालं? पणज्याचं गाव कुठलं तेवढंच हवंय, काका. आई आजारी आहे, तिला सांगायचंय."

खरं सांगायला तोंड उघडलं आणि भीतीनं भलतंच बाहेर पडलं. होसकोटेकडच्या एका गावाचं नाव. दुसऱ्या रुमालात तिथल्या कुणाचं तरी आडनाव बाईंच्या पणज्यासारखंच वाचलं होतं.

"नक्की ना?"

"नक्की."

"झेरॉक्स मिळेल?"

"कागद हात लावला की तुटतोय हो."

त्या माझ्या पाया पडल्या. मी पाय मागे घेतले.

त्या गावी जाऊन बाईंनी माती नेली. देवळाला पैसे दिले. गावानं पणज्याच्या नावाची फरशी बसवली. आता कुणी कागद मागेल, या धास्तीत मी उरलेली नोकरी काढली. कुणी मागितला नाही.

निवृत्तीनंतर एकदा गावकऱ्यांना खरं सांगायला गेलो. देवळाच्या कट्ट्यावर एक म्हातारा भेटला. फरशीवरच्या पणज्याचं नाव काढताच त्यानं समोरच्या पडक्या चौथऱ्याकडे बोट केलं. "ते त्याचं घर, अण्णा. लहानपणी भारी खोडकर होता म्हणे." मी मान हलवून परतीची बस धरली.

नोंद मिळाली नाही तर 'नाही' म्हणावं, आणि लगेच म्हणावं. उशीर झाला की साक्षीदार तयार होतात.