मेली का गाडी?

रविवार, सकाळचे सात. सोलापूरच्या पूर्व भागातली आमची गल्ली. वीज गेलेली. अंगणात भिंतीलगत माझी जुनी डिझेल जीप, आणि तिच्या पायरीवर चढून, टपाशी दोन्ही हात वर करून उभा मी.

एवढ्यात हसू नका. पुढे भरपूर जागा आहे.

माझी सासुरवाडी माढ्याच्या पुढे, ओढ्यापलीकडे. सोमवारी इथे सोलापुरात सासऱ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, त्यांना आणायचं होतं, आणि ओढ्यातल्या फरशीच्या रस्त्यावरून पाणी चाललेलं. तिथं पूल मंजूर झाल्याची बातमी मीच छापली होती. तेव्हा माझे केस काळे होते. पूल कुठे आहे, हे मी दर पावसाळ्यात विचारतो.

शेवटी चिडून जीपलाच स्नॉर्कल बसवलं. म्हणजे इंजिनाला हवा घ्यायला थेट टपापर्यंत नेलेली जाड नळी. पाणी बॉनेटला टेकलं तरी गाडी वरून श्वास घेत राहते. पण एखादा सांधा गळका निघाला, तर हवेबरोबर पाणी आत आणि भर ओढ्यात इंजिन खलास. शेजारी सासरे! माझी बायको सुनंदा शनिवारपासून एकच विचारत होती, "माझ्या आप्पांना घेऊन मधेच बंद पडली तर?"

नळी बसवणारा रफिक. सांध्यांचं सील रात्रभर वाळू द्या, सकाळी तुम्हीच तपासा, असं सांगून गेला होता. "इंजिन चालू करायचं, नळीचं तोंड तळहातानं दाबायचं. गाडी मेली पायजे, साहेब. मेली तर काम पक्कं. न्हाय मेली, तर कुटनं तरी हवा ओढतीय."

सोपं आहे की नाही? मी चावी फिरवली, पायरीवर चढलो, नळीवरची टोपी काढली आणि तळवा दाबला. आवाज जरा बसला. पण धडधड चालूच.

दुसरा तळवा लावला. धडधड. ओला टॉवेल दाबला, त्यावर प्लास्टिकची पिशवी गुंडाळली. धडधड. सुनंदा परात घेऊन बाहेर आली, ती बॉनेटवर ठेवली आणि म्हणाली, झाकणाच्या फटीला लावतात तशी कणीक लावून बघा. बघितली. चांगली कोंबून बघितली.

रफिकला फोन लावला. त्याचाही आवाज उतरला. "साहेब, धडधड तर मला बी ऐकू येतीय. आलोच."

आता माझं डोकं फिरलं. पत्रकारांच्या ग्रुपवर टाकून दिलं: ‘स्नॉर्कलच्या नावाखाली लूट’. खाली रफिकचं नाव. नव्या पोरांना मी नेहमी बजावतो, दोन ठिकाणी खात्री केल्याशिवाय बातमी सोडायची नाही. इथे दोन ठिकाणं होती की. एक मी, दुसरा खुद्द आरोपी.

रफिक फाटकात आला आणि नेमकी वीज आली. त्याच क्षणी धडधड थांबली. मी पायरीवरूनच ओरडलो, "मेली!"

सुनंदानं परात उचलली, बॉनेटवर हात ठेवला. "अहो, हे तर गार आहे. ही मघाचीच मेलीय."

भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचे यंत्रमाग खटखटायला लागले, तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. वीज गेली की त्यांचा दिव्यापंख्यांपुरता जनरेटर धडधडतो. इतकी वर्षं ऐकून आम्हाला तो ऐकूच येत नाही. जीप माझ्या पहिल्याच तळव्याला शहाण्यासारखी मेली होती. पुढचे सगळे उपचार मी प्रेतावर केले.

रफिकनं मोबाइल पुढे केला. बातमी त्याच्यापर्यंत पोचली होती. "ही लूट म्हणजे मीच का, साहेब?"

मी पुसतो म्हणालो. तो म्हणाला पुसा, आणि सील एकदम पक्कं आहे हे दाखवायला ऐटीत आत बसून चावी फिरवली. जीप सुरू झाली, घुसमटली, मेली.

"आता कुणी हात लावला?"

कुणीच नाही. टॉवेल-पिशवी काढली होती. कणीक आतच होती.

दुपारपर्यंत सगळी नळी सुटी होऊन अंगणात पडली. तेवढ्यात सासरे आले. गावातल्या ट्रॅक्टरवर बसून फरशी ओलांडली आणि पुढे एस.टी. धरली. खाटेवर टेकून ते रफिकचं खरवडणं अंधुक डोळ्यांनी बघत राहिले.

"चार चपात्यांची दिली होती," सुनंदा परातीत बघत म्हणाली. "ही तिनांचीच निघाली."

सासरे माझ्याकडे वळले. "मग चौथी कुटं हाय, जावईबापू?"

रफिक इंजिनाकडे बघत होता. मी रफिककडे.

पुलाचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही. चौथ्या चपातीचं मी अजून दिलेलं नाही.