चाफ्याच्या मुळाशी मीठ

आमच्या गल्लीत शिवणकाम करणाऱ्या काकूंचा कुणावरच विश्वास नव्हता. दूधवाला दारात उभा असतानाच त्या दूध चाखून बघत. जीव लावला तो एकाच गोष्टीला, अंगणातल्या सोनचाफ्याला. नवरा गेला त्या वर्षी त्यांनी कलम आणलं, कोवळं असताना त्याला जुन्या चादरीचा आडोसा केला, मुळाशी कधी पाणी साचू दिलं नाही. बारा महिने हिरवं असणारं ते झाड यंदा पहिल्यांदाच फुलांनी लगडलं, आणि थोड्याच दिवसांत पानांच्या कडा करपायला लागल्या.

काकूंचा संशय सरळ भिंतीपलीकडच्या रिटायर्ड ड्रायव्हरवर गेला. पानं टाकीत पडतात म्हणून तो कायम कुरकुरत असे. त्यांनी बुंध्याशी उकरून पाहिलं. मातीवर पांढरी पापडी धरली होती. चिमूटभर जिभेवर ठेवली. खारट!

"झाडाला मीठ घालता? लाज नाही वाटत?" त्या भिंतीवरून ओरडल्या.

"अहो काकू, मीठ कुठल्या बाजूला पडलंय ते तरी बघा," ड्रायव्हर म्हणाला. "माझा हात काय रबराचा आहे?"

पापडी घराच्या बाजूला होती. काकू खाली मान घालून आत आल्या आणि त्यांनी मिठाची बरणी उघडली. परवाच भरलेली, आता तळ दिसत होता. त्या संध्याकाळी सुनेने चहा पुढे केला, तर त्यांनी आधी कपाचा वास घेतला. मुलगा हसला, तर त्याच्याकडेही रोखून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी झोपायचं सोंग करून त्या मशीनच्या खोलीत पडद्याआड उभ्या राहिल्या. पोटुशी सून नाकाला रुमाल लावून, मिठाच्या पाण्याचं पातेलं घेऊन अंगणात उतरली.

"माझ्याच घरात राहून माझ्या झाडाच्या जिवावर उठलीस?"

पातेलं तिच्या हातातून निसटलं. "आई, मला या फुलांचा वास सोसत नाही. खिडकी उघडली की उलटी होते."

"मग सांगायला तोंड नव्हतं?"

"तुम्ही खरं मानलं असतंत?" सून रडायलाच लागली. "मला ताप आला, तेव्हा थर्मामीटर दोनदा लावायला लावलात."

काकूंनी तिला हाताला धरून आत नेलं, तिचा पलंग मागच्या खोलीत हलवला. वरची माती खरवडून टाकली आणि भरपूर गोडं पाणी सोडून मीठ धुऊन काढलं. रोज सकाळी कळ्या उमलायच्या आत त्या खुडू लागल्या. पहिली ओंजळ त्यांनी ड्रायव्हरला नेऊन दिली. त्याने एक कळी उचलून नाकाशी धरली.

"यात काही मिसळलं नाही ना?"

"नाही हो," काकू ओशाळून म्हणाल्या.

झाडाच्या दोन फांद्या वाळल्या, बाकीच्यांना नवी पालवी फुटली. सुनेला मुलगी झाली. तिला कुशीत घेऊन एका संध्याकाळी सून म्हणाली, "आई, आता त्या वासाचा त्रास होत नाही मला."

काकूंनी नुसती मान डोलावली आणि अंगणाकडची खिडकी उघडली.